गोठ्यावर नजर

मॅलाकी टॅनियनला फोनवर बोलायचं म्हणजे अगदी जिवावर यायचं. मुलगा पर्थहून फोन करायचा तेव्हा म्हातारा हवा कशी आहे ते सांगायचा, गावात कोण गेलं ते सांगायचा, आणि 'बरं, ठेवतो, तुझं बिल वाढेल' म्हणून मोकळा व्हायचा. बिल वाढत नाही हे फिन्टनने त्याला शंभरदा सांगितलं होतं. आई होती तोवर बोलायचं खातं तिच्याकडे होतं. ती गेली आणि बापलेकांकडे एकमेकांना सांगण्यासारखं काही उरलं नाही.

मग गेल्या नाताळात घरी आला असताना फिन्टनने शिडी लावून गोठ्यात कॅमेरा बसवला. गाई व्यायच्या दिवसांत रात्रीतून दोनतीनदा उठून टॉर्च घेऊन जाणं सत्तरी ओलांडलेल्या माणसाला झेपत नाही, हे सांगायचं कारण. खरं कारण त्याने कुणाला सांगितलं नाही. घरी गॉलवेत मध्यरात्र होते तेव्हा पर्थला लख्ख सकाळ असते. बाप झोपला की लेकाने पहारा करायचा. वर्षभरासाठी म्हणून गेलेला आणि आठ वर्षं झाली तरी न परतलेला मुलगा घराच्या एवढ्या तरी उपयोगी पडावा, असं त्याला फार वाटायचं.

पलीकडच्या शेतातल्या जार्लथकाकांना या सगळ्याची भारी गंमत.

"मॅलाकी, लोकांची पोरं ऑस्ट्रेलियात जाऊन मेंढरं राखतात. तुझं तिथे बसून तुझ्याच गाई राखणार. पगार काय देतोस?"

"शिव्या देतो. पुरेशा होतात त्याला."

त्याच नाताळात फिन्टनने काकांना एक ताकीद दिली होती. परदेशातून फोन करून कुणीतरी त्यांना गंडा घातला होता. "काका, बाहेरच्या देशातला नंबर दिसला तर उचलायचा नाही. कितीही वाजू दे."

"आणि तुझा आला तर?"

"माझा नंबर घालून ठेवा ना फोनमध्ये."

"घालतो रे. चष्मा सापडू दे."

कॅमेरा आला आणि बापलेकांना बोलायला विषय मिळाला. "बाबा, उठा, पांढऱ्या कपाळाची शेपूट वर करून फिरतेय." "अजून अवकाश आहे तिला." "पाण्याची पिशवी दिसतेय, बाबा." "मग आधी सांगायचं ना, गाढवा." वासरू पायांवर उभं राहिलं की म्हातारा कॅमेऱ्याकडे मान वर करायचा आणि टोपीच्या कडेला एक बोट लावायचा. बस, एवढंच. पण त्या एका बोटावर फिन्टनचे दोनदोन दिवस बरे जात.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी बांधकामावरचे पत्रे लवकरच तापले होते. चहाच्या सुट्टीत फिन्टन कंटेनरच्या सावलीत बसला आणि त्याने फोनवर गोठा उघडला. लाल गाय पेंढ्यात ऊठबस करत होती. तिला घरात सगळे बाईसाहेब म्हणत, कारण तिच्याआधी गव्हाणीला तोंड लावायची कुणाची टाप नव्हती. फिन्टनने घरी फोन लावला.

"बाबा, उठा. बाईसाहेबांचं सुरू झालं."

"बाहेर पाऊस आहे रे."

"गोठ्याला छप्पर आहे."

"तिथवर जायच्या वाटेला नाही ना." म्हातारा कण्हत उठला.

"फोन खिशात ठेवा. आणि आत शिरू नका, फाटकाबाहेरूनच बघा. व्याल्यावर तिचं डोकं ठिकाणावर नसतं."

"हो, आता तू शिकव मला गाई."

थोड्या वेळाने म्हातारा गोठ्यात आला, टोपी झटकली आणि फाटकावर हात ठेवून उभा राहिला. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. आवाजाचा घेऊ म्हटलं, तर 'तू तिथून ओरडलास तर गाई बिचकतील' म्हणून म्हाताऱ्यानेच मोडता घातला होता. वासरू विनासायास बाहेर आलं आणि तसंच पडून राहिलं. त्याच्या नाकातोंडावर पातळ पडदा चिकटला होता. बाईसाहेब दमून भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"तोंडावरचं काढा, बाबा," फिन्टन पुटपुटला. ऐकू जाणार नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी म्हाताऱ्याने नेमकं तेच केलं. फाटक उघडून तो आत शिरला, गुडघे टेकले आणि दोन बोटांनी पडदा ओढून काढला. वासराने मान झाडली. म्हातारा हसला असावा, कारण त्याचे खांदे हलले. तेवढ्यात गाय वळली.

तिने त्याला भिंतीवर आपटलं. तो खाली घसरला तशी ती मान खाली घालून पुन्हा घुसली. मग जणू काही झालंच नाही अशी जाऊन वासराला चाटू लागली.

फिन्टन उभा राहिला होता. म्हातारा कोपरावर रेटत फाटकाकडे सरकायला बघत होता. फिन्टनने हाताला सुचलं ते केलं, बापाला फोन लावला. म्हाताऱ्याच्या खिशात निळा उजेड पेटला. गाईने कान टवकारले, त्या उजेडाकडे पाहिलं आणि वासरू सोडून पुन्हा त्याच्या अंगावर आली. फिन्टनने फोन तोडला. खिशात फोन ठेवा हे आपणच सांगितलं, झोपेतून आपणच उठवलं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं. जार्लथकाकांचा नंबर लवकर सापडेना.

सापडला. वाजला आणि पलीकडून तोडला गेला. पुन्हा लावला, पुन्हा तोडला. सांगितलं होतं तसंच काका वागत होते. तिसऱ्यांदा मात्र ते कडाडले.

"हे बघ, मला लॉटरी नको, कर्ज नको, आणि या वयात बायको तर नकोच नको!"

"काका, मी फिन्टन. मॅलाकीचा फिन्टन."

काका वेगळ्याच आवाजात म्हणाले, "काय झालं, पोरा?"

"बाबा गोठ्यात पडलेत. लाल गाय अंगावर आलीय. हाका मारू नका, ती आणखी बिथरेल. ॲम्ब्युलन्स मला इथून लावता येत नाही..."

"मी लावतो. निघालोच."

मधे एक शेत आणि एक चिखलाची वाट होती. लहानपणी फिन्टन ती दूध सांडू न देता धावत जायचा. आता त्याला नुसतं बघायचं होतं. म्हाताऱ्याने सरकणं सोडून दिलं होतं. टोपी कुठेतरी पेंढ्यात पडली होती. त्याने मान वळवून वर कॅमेऱ्याकडे पाहिलं, हात उचलला आणि एक बोट कपाळाला लावलं. त्याने रक्त पुसलं, का ते नेहमीचंच बोट होतं, हे फिन्टनला कळलं नाही. त्याने इकडे हात वर केला. समोरून जाणाऱ्या क्रेनवाल्याला वाटलं आपल्यालाच आहे, त्यानेही हसून हात केला.

म्हाताऱ्याचा हात खाली आला, तो पुन्हा उचलला गेला नाही.

जार्लथकाका आले ते झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून. त्यांनी गाईला हात लावला नाही. वासराचा पाय धरून त्याला फाटकाबाहेर ओढलं, तशी गाय मुकाट त्याच्यामागे गेली, आणि काकांनी फाटक लावून घेतलं. इतकं सोपं होतं ते. तिथे असतो तर मीही केलं असतं, फिन्टनला वाटलं, आणि त्याला रडू फुटलं.

काका मॅलाकीजवळ बसले. त्याच्या तोंडाशी कान नेला, मानेवर बोटं ठेवली. बराच वेळ तशीच ठेवली. मग त्यांनी पेंढ्यातून टोपी शोधून काढली, मांडीवर घासून साफ केली आणि मित्राच्या छातीवर ठेवली.

"काका, फोन करा. नुसती मान हलवा, काहीतरी करा," फिन्टन म्हणत होता.

काकांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. ते उठले. अंगातला कोट काढला, बादली पालथी घातली, भिंतीला धरून तिच्यावर चढले. त्यांचा नुसत्या सदऱ्यातला खांदा जवळ आला, मग कोटाची ओली बाही आली, आणि चित्र काळं झालं.

फिन्टन त्या काळ्या चित्राकडे बघत उभा राहिला. तेवढ्यात फोन वाजायला लागला. नंबर जार्लथकाकांचा होता. उचलेपर्यंत काही झालेलं नाही असं त्याला वाटलं, आणि त्याने तो वाजू दिला.