कूलर बसण्याआधी

रुपराव शाळेत चित्रकला शिकवत आणि घरी अवकाश रंगवत. सहा फुटी कॅनव्हासवर एक पिवळा चौकोन, एक काळी पट्टी आणि बाकी सगळी मोकळी जागा. चित्रात जागा अमर्याद होती. धरमपेठेतल्या भाड्याच्या खोलीत मात्र चार पावलं मागे सरलं की पाठीला पलंग लागे.

इतक्या जवळून अवकाश दिसत नाही, नुसता रंग दिसतो. म्हणून पट्टी जरा हलवली की रुपराव जिना उतरत, गल्ली ओलांडत आणि समोरच्या चंपतरावांच्या माडीवर जाऊन त्यांच्या खिडकीतून आपलं चित्र बघत. मग परत येऊन पट्टी पुसत.

चौऱ्याहत्तरचा एप्रिल लागला आणि चंपतरावांच्या इंदुताईंनी कूलर धुवायला काढला. तो त्याच खिडकीत बसायचा, आणि पाऊस येईपर्यंत हलायचा नाही. इकडे चित्र मुंबईच्या प्रदर्शनाला जायचं होतं आणि पट्टी अजून जागेवर नव्हती.

"वहिनी, आठ दिवस थांबता का?"

नागपुरात एप्रिलमध्ये एवढं मागायला माणूस जावई तरी असावा लागतो.

"भाऊजी, तुमच्या पट्टीपायी आम्ही उकडून मरावं का?"

"राहू दे वं," चंपतराव म्हणाले. "रविवारपर्यंत."

"तुमचं काय जाते? तुम्ही दिवसभर हापिसात."

तरी त्या थांबल्या. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन त्या खिडकीत बसत आणि समोर ब्रश हलला की गल्लीपार ओरडत, "मस्त! झालं! आता पुसू नका!" समीक्षकांना इतकी घाई सहसा नसते. रुपराव पुसतच.

रविवारी कूलर बसला. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भिजल्या, खसचा वास घरभर पसरला. रुपराव सवयीने आले आणि खिडकीपुढे उभे राहून कूलरकडे बघू लागले. गार वारा थेट तोंडावर येत होता. त्यांनी खुर्ची ओढली.

"बसली का गा पट्टी?" चंपतरावांनी विचारलं.

"बसली."

"कशावरून? आता तं काहीच दिसून नाही राहिलं."

"हलवावीशी वाटून नाही राहिली," डोळे मिटून रुपराव म्हणाले. "उद्या पाठवून देतो."

"मी बुधवारपासून सांगून राहिली," इंदुताई म्हणाल्या. "भाऊजी, सरका जरा. सगळी हवा तुम्हीच खाऊन राहिले."

रुपराव सरकले. सरकायला तिथे जागा होती.