जवसाचं तेल वाळेपर्यंत

गुरम्माला आडवं होता येत नाही. पाठ टेकली की छातीत पाणी चढतं आणि ती बुडणाऱ्या माणसासारखी तोंड उघडते. लातूरच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि आता बसवूनच ठेवा म्हणाले. तेव्हापासून माझी बायको सागवानी खुर्चीतच जेवते, खुर्चीतच झोपते. आमच्यात मेल्यावर माणसाला बसवून मातीत ठेवतात. त्यावरून तीच म्हणाली, "मला आत्तापास्नंच सवय होऊन राहिली. तुमाला नंतर तरास न्हाई."

खुर्चीला रंग नाही, पॉलिश नाही. नुसतं जवसाचं तेल मुरवलेलं लाकूड. सून पुनम ती कोरड्या फडक्यानं पुसायची. पण परवा गुरम्माला खुर्चीतच संडासला झालं आणि पुनमनं घाईघाईत सगळी खुर्ची सोड्याच्या गरम पाण्यानं घासून काढली. लाकूड पांढरं पडलं. वाळल्यावर त्याची कुसळं उभी राहिली. गुरम्माची कातडी कागदासारखी, त्यात रक्त पातळ करायच्या गोळ्या. एक कुसळ कोपराला लागलं, तर रक्त थांबता थांबेना. फडकं गुंडाळून पाहिलं. पण श्वास ओढायला तिला खुर्चीचे हात घट्ट धरावे लागतात, आणि फडक्यावरून पकड सुटायची.

मी मुखेडच्या बाजारात मोहियोद्दीन मिस्त्रीकडे गेलो. त्यानं सांगितलं, पॉलिश पेपर रेषेरेषेनं फिरवा, तेल जिरू द्या, वरचं पुसून घ्या आणि एक दिवस खुर्चीत कुणी बसू नका. घरात दुसरी हातवाली खुर्ची नाही, एक दिवस तिला ठेवू कुठं, असं मी विचारलं. त्यानं पेपर आणि तेलाची बाटली बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो आणि गुरम्माला छातीशी टेकवून घेतलं. पुनमनं पेपर मारला, तेल चोळलं. दुपारी माझे पाय बधिर झाले. जरा ढिला पडलो की तिची घरघर वाढायची. पुनम सारखी खुर्चीला बोट लावून बघायची.

"अजून चिकटच हाय, मामा."

"पंखा लाव त्याच्यावर."

"लाईट गेलीय."

उन्हं उतरायच्या आत माझ्या पाठीनं दगा दिला. आम्ही दोघंही एका अंगावर कलंडलो. गुरम्माचे ओठ काळेनिळे पडले. पुनमनं तिला काखेत धरून ओढलं आणि तशाच चिकट खुर्चीत बसवलं. गुरम्मानं खुर्चीचे हात पकडले. कितीतरी वेळ नुसती घरघर. मी जमिनीवरून उठूही शकत नव्हतो, तिच्या पायाला धरून बसलो. मग हळूहळू श्वास जागेवर आला. तिच्या हाताला रक्त नव्हतं.

सांजेला मिस्त्री आपणहून बघायला आला. बोट फिरवून म्हणाला, काम चांगलं झालंय, आठ दिवसांनी तेलाचा दुसरा हात द्या, म्हणजे लाकूड पुरतं धरेल.

गुरम्माचे डोळे मिटलेले होते. "तवर रिकामीच व्हईल," ती म्हणाली. "मग द्या निवांत."

पुनम पदर तोंडाला लावून आत गेली.

"दुसरा हात लागत न्हाई ह्या लाकडाला," मी मिस्त्रीला म्हणालो.

त्याला खरं माहीत होतं. तरी मान डोलावून तो म्हणाला, "हाव, न्हाई लागत."