भूरीची ओढणी

भूरी म्हैस खाष्ट होती. तिचं रेडकू गेल्यापासून मालणखेरीज ती कुणाला सडाला हात लावू देत नसे. मालण माहेरी गेली असताना तिच्या नवऱ्याने, लभूरामने, एकदा धार काढायची हौस केली होती. चरवी एका कोपऱ्यात आणि लालाजी स्वतः दुसऱ्या कोपऱ्यात! दुकानात गादीवर बसायचं म्हटलं तरी पुढे आठ दिवस कण्हत होता.

मालणची एक जुनी निळी ओढणी होती, फक्त धारेची. ती गळ्याशी घेऊन बसलं की भूरी मान वळवून हुंगायची, एक सुस्कारा टाकायची आणि पान्हा सोडायची. शेण, घाम, सरकीची पेंड, काय काय मुरलं होतं त्या कापडात. लभूराम नाक धरायचा, पण मालण ती ओढणी कधी धूत नसे.

त्या दुधावर भिंतीपलीकडची जीनां वाढत होती. भागभरीची नात. तिची आई बाळंतपणातच गेली, शेळीचं दूध पोरीला पचेना, गाईचं पचेना. भूरीचं तेवढं अर्धं पाणी घालून मानवलं. सकाळ-संध्याकाळ भागभरी भिंतीपलीकडे वाडगा धरून उभी राहायची आणि मालण वरून दूध ओतायची. बारीक धारेने, चरवी वाडग्याला लागू न देता. हिंदूचं भांडं मुसलमानाच्या भांड्याला लावायचं नाही, हे दोघींच्या सासवांनी पाळलं, म्हणून या दोघीही पाळत. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनात येत नसे. मनात यायला हवं होतं, पण नाही आलं.

भागभरीही रीतीची पक्की. उसनी चाळणी असो की खुरपं, लख्ख धुतल्याशिवाय परत करायची नाही, आणि रिकामी तर मुळीच नाही. दोन मिरच्या, मूठभर मका, काही नसलं तर गुळाचा खडा ठेवायचीच.

मग तो ऑगस्ट आला. इंग्रज निघाला होता, आणि त्यांचा गुरदासपूर जिल्हा कुणाच्या पदरात पडणार हे त्याने सांगितलंच नव्हतं. तहसिलीवर हिरवं निशाण चढलं, आणि गावातल्या हिंदूंनी ओळखलं की आपण पाकिस्तानात आलो. लभूरामने बैलगाडी भरायला घेतली. अमृतसरला बहिणीकडे जायचं होतं. गाडीत दुकानातले वजनाचे ताजवे चढले, गूळ चढला, लोखंडी पेटी चढली. म्हशीला घेऊन गर्दीतून जाणं शक्य नव्हतं.

"विकून टाकतो," लभूराम म्हणाला.

"आणि जीनां काय पिईल? तुमचे ताजवे?"

मालण स्वतःच भूरीला दाव्याने ओढत भागभरीच्या अंगणात घेऊन गेली. निळी ओढणी भागभरीच्या गळ्यात घातली आणि तिला धारेला बसवलं. भूरीने हुंगलं, थोडी का कू केली आणि दूध दिलं.

"आपा, हिच्याशी गोड बोल. सुनेशी बोलायचीस तसं नको."

"माझ्या सुनेला काय धाड भरली होती माझ्या बोलण्याची?" भागभरी म्हणाली, आणि एकदम रडायला लागली.

गाडी भरून दारात उभी राहिली, पण रस्ता धड नव्हता. आज निघू, उद्या निघू, असं चाललं होतं. मालण बांधलेल्या वळकट्यांवर झोपायची, अंगावरचे कपडेही बदलत नव्हती. कशातच जीव लागेना. आणि मग रेडिओवर सांगितलं म्हणे की सरहद्दीची रेषा दुसरीकडून गेली. गुरदासपूर हिंदुस्थानात. लभूराम गाडीवरची पेटी उतरवताना चक्क गुणगुणत होता. मालणला त्या क्षणी त्याचा भयंकर राग आला, कारण भिंतीपलीकडे कुणीच बोलत नव्हतं.

दुपारी पूर्वेकडे धूर दिसला. मोमीनांचं गाव पेटलं होतं. मुसलमान वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, पहाटे सगळ्यांनी रावीकडे निघायचं, नदीपलीकडे पाकिस्तान होतं.

उजाडताना भागभरी दारात आली. एका हातात भूरीचं दावं, खांद्यावर जीनां. मागे गल्लीत तिचा मुलगा रमजान गाठोडी डोक्यावर घेऊन उभा होता.

"घे बाई तुझी ठेव," ती म्हणाली. वर घडी घातलेली निळी ओढणी मालणच्या हातात ठेवली. तिच्या कोपऱ्याला गुळाचा खडा बांधलेला होता.

मालणने ओढणी नाकाशी नेली. रिठ्याचा वास. बाकी काही नाही.

"धुतलीस? आपा, धुतलीस तू ही?"

"मग काय घाणेरडी परत करू? जाता जाता नाव घालवू माझं?"

"अगं, पण भूरीला घेऊन जायचंय तुला! मी म्हटलं होतं ना, पोरीसाठी दिली!"

"तू गाव सोडत होतीस म्हणून दिलीस. आता तू राहतेयस. राहणाऱ्याची म्हैस घेऊन जाऊ? चोर आहे मी?"

लभूराम बाहेर आला. "बरोबर बोलतेय ती. रस्त्यात लोक माणसं ठेवत नाहीत, म्हैस ठेवतील? ठेव इथेच."

"तुम्ही मधे बोलू नका," मालण म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याला असं बोलली. जीनां भुकेने रडत होती, आणि मालणला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. "बस आपा. बसून बघ."

भागभरी धुतलेली ओढणी घेऊन बसली. भूरीने हुंगलं, फुत्कारली आणि लाथ झाडली. गल्लीतून रमजान ओरडला, "अम्मा, काफिला चाललाय! चल!"

मालणने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग डोक्यावरची ओढणी ओढून काढली. सगळ्या दिवसांचा घाम, धूळ, रडणं त्याच ओढणीत होतं. गल्लीत वीसेक पुरुष उभे होते.

"मालण! डोकं झाक!" लभूरामचा आवाज चिरकला.

"झाकते. आधी पोरीचं पोट भरू दे."

तिने ती ओढणी भागभरीच्या गळ्यात टाकली. भागभरीने स्वतःच्या डोक्यावरची काळी ओढणी काढली आणि मालणच्या उघड्या डोक्यावर नीट पसरली, दोन्ही कानांमागे खोचली. त्यांच्या मुलुखात दोघींनी ओढणी बदलली की त्या बहिणी होतात. एरवी त्याला पंच बोलवतात, बत्तासे वाटतात. भूरीने मान वळवून हुंगलं, सुस्कारा टाकला. वाडग्यात धार वाजली.

भूरीचं दावं धरून जाताना भागभरी म्हणाली, "धुऊन परत करीन हं."

"धुतलीस तर बघ," मालण म्हणाली.

त्यानंतर मालणचा पाय घरात असा ठरलाच नाही. चूल पेटवायची आणि गल्लीत जाऊन उभी राहायची. रावीकडून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची. कुणी म्हणे नदीला पूर आहे. कुणी म्हणे पुलाच्या अलीकडेच कापाकापी झाली. एक जण हसत म्हणाला, "लालाइन, कुणाची वाट बघताय? मुसलमानांची?" तिने त्याला अशा शिव्या घातल्या की लभूरामला दुकान अर्ध्यात बंद करून तिला आत न्यावं लागलं. रात्री तिने काळी ओढणी उशाला घेतली, पण झोप आली नाही.

एका सकाळी दाराशी भूरी हंबरली.

एकटीच. पोटापर्यंत चिखल, दावं तुटलेलं, मागच्या पायाला खरचटलेलं. वाटेत तिला कुणी धरली कशी नाही, देव जाणे. लाथेला भ्याले असतील. शिंगांना मालणची ओढणी गुंडाळलेली होती.

मालणने आधी ओढणीला हात लावला नाही. खाली वाकून कास चाचपली. कास मऊ होती, रिकामी. आज पहाटे कुणीतरी धार काढली होती, आणि भूरी परक्याला दूध देत नाही.

मग तिने ओढणी सोडली. धुतलेली नव्हती. दुधाचा आंबूस वास येत होता, तान्ह्या पोराचा वास येत होता. कोपऱ्याला गाठ होती. गाठीत ओली वाळू, मूठभर. गावात अशी वाळू कुठेच नाही, ती रावीच्या काठाची.

"होडीत जनावर घेत नसतील," लभूराम हळूच म्हणाला. तो खाली उंबऱ्यावर बसला होता. "म्हणजे होडीपर्यंत पोचली."

"पोचली," मालण म्हणाली. वाळूची मूठ तिने सोडली नाही.

पण होडीच्या पलीकडे काय? तिथे कोण बसलंय पोरीला दूध घेऊन? दिवसभर ती हेच घोकत राहिली. लभूराम म्हणाला, तिकडेही माणसं आहेत, तिकडेही म्हशी आहेत. ती म्हणाली, तुम्हाला काय ठाऊक पोरीला काय पचतं ते.

संध्याकाळी ती भागभरीची काळी ओढणी घेऊन धारेला बसली. भूरीने ती हुंगली आणि लगेच पान्हा सोडला, जशी काही ओळखच पटली. चरवी फेसाने भरली. मालण उठली, रोजच्यासारखी भिंतीशी गेली आणि बारीक धारेने ओतू लागली. दूध पलीकडच्या मातीवर पडल्याचा आवाज आला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की खाली वाडगा धरायला कुणी नाही.