बारीक आसाची जाळी

प्रज्योतची जांघ दुखावली तेव्हा मितेशने गावदेवीला नारळ फोडला. सगळं थळ गाव म्हणालं, मित्र असावा तर असा. नारळ कशाचा होता ते देवीला आणि मितेशला ठाऊक, आणि देवी काही बोलायची नाही.

थळच्या कबड्डी संघात पहिली चढाई कायम प्रज्योतची. मितेश दुसरा, आणि तोही शाळेपासून. प्रज्योत ऑपरेशन होऊन घरी बसला त्या हंगामात मात्र पहिली चढाई मितेशने केली, आणि किनाऱ्यावर मासळी निवडणाऱ्या बायासुद्धा त्याचं नाव घेऊ लागल्या. स्वर्ग दोन बोटं उरला होता. तेवढ्यात प्रज्योत परतला. जांघेत जाळी बसवून आलेला हा गडी पहिल्याच सामन्यात असा पाय लांबवून बोनसचा गुण घेऊन आला, की मितेशच्या पोटात दुखलं. पुढे तर खरंच दुखायला लागलं, जरा खाली. सरावात तो तसाच पाय फेकायला गेला आणि जांघेत काहीतरी तटकन तुटलं.

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी हर्निया आहे म्हणून सांगितलं आणि टेबलावर जाळीचे दोन तुकडे ठेवले. एक पातळ, मोठ्या भोकांची. दुसरी जाड, घट्ट विणीची. फाटलेल्या जागी आतून यातलीच एक लावायची होती. मितेशने दोन्ही तुकडे बोटांत धरून ताणून पाहिले, बाजारात जाळं घेताना ताणतात तसे.

"मजबुतीला दोन्ही पुरतात," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही खेळाडू. पातळ जाळीच्या मोठ्या भोकांतून तुमचंच मांस वाढतं, जागा लवचीक राहते. जाड जाळीने आत ताठरपणा येऊ शकतो. मी पातळ सुचवेन."

"प्रज्योतला कुठली घातली?"

"दुसऱ्या पेशंटचं मी सांगत नसते."

मग मितेश थेट प्रज्योतकडे गेला. तो होडीच्या सावलीत बसून जाळं शिवत होता.

"मना पातल घातली," प्रज्योत म्हणाला. "तू पन तीच घे. धारेत बारीक आसाचं जालं कोन टाकतं रं? पानी अरतं, जालं जड होतं, होरीला मागं खेचतं."

आस म्हणजे जाळ्याचं भोक. बारीक आसात पाणी अडतं, म्हणून तसलं जाळं ओढत्या पाण्यात टाकू नये, हे मितेशला चालता यायला लागल्यापासून माहीत होतं. बापाने सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती. पण सांगितलं प्रज्योतने. म्हणजे जाळीसुद्धा त्याच्या मागून, त्याच्यासारखीच घ्यायची? आणि हा एवढा गोड का बोलतोय? मितेश रात्रभर कुढला, सकाळी जाऊन बाईंना म्हणाला, "जाड घाला."

बाईंनी पुन्हा समजावलं. हा ऐकेना. शेवटी त्या म्हणाल्या, "तीही वापरतात, चूक नाही. पण तुमच्यासाठी बरी नव्हे."

"फाटणार तर न्हाय ना?"

"ती नाही फाटणार."

मितेशला तेवढंच हवं होतं.

जखम भरली. तो होडीवर चढू लागला, बर्फाच्या पेट्या उचलू लागला. फक्त चढाईत पाय लांबवला की आतून कुणीतरी दोरी आखडून धरल्यासारखं व्हायचं. प्रज्योत रोज येऊन त्याचा पाय धरून व्यायाम करून घ्यायचा, आणि मितेशला त्याचाच राग यायचा. मेला वाईट तरी असता! मग जळायलासुद्धा बरं वाटलं असतं.

अंतिम सामना अलिबागला होता. शेवटची चढाई उरली आणि थळला एकच गुण हवा होता. कप्तान भिकूने प्रज्योतकडे बोट केलं. प्रज्योतने मितेशला पुढे ढकललं.

"याला जाऊ दे. आज याची चढाई."

याचीच तर तो इतकी वर्षं वाट पाहत होता. आणि मिळाली ती प्रज्योतच्या हातून, दान दिल्यासारखी. रागाने कानशिलं तापलेली, तोंडात कबड्डी कबड्डी, असा तो आत घुसला. समोरचे मागे सरले. बोनसची रेषा समोर मोकळी होती. मितेशने जीव खाऊन पाय फेकला.

पाय चार बोटं अलीकडे थांबला. आतून ओढून धरल्यासारखा तिथेच अडला, आणि समोरच्यांनी मितेशला मातीत दाबला. शिट्टी वाजली. थळची माणसं चपला झटकत उठू लागली.

प्रज्योत धावत आला आणि त्याच्याजवळ उकिडवा बसला, गुडघे सैल सोडून, अगदी सहज. मितेशला तसं बसता येत नव्हतं. तो त्या गुडघ्यांकडे बघत राहिला.

"काय झालं? फाटली का आतून?"

"न्हाय," मितेश म्हणाला. "फाटली न्हाय."

फाटली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. मग सगळा दोष जाळीवर तरी टाकता आला असता.