सान थ्येन म्हणजे तीन दिवस

माझं वय अवघं चार वर्षं. पण मित्रांनो, मला उघडायला आता या घरात कुणी धजत नाही, म्हणून मी स्वतःला जुनी वही समजते. भूमिकानं मला इतवारा बाजारातल्या दुकानातून आणलं. ती चीनमध्ये डॉक्टरकी शिकत होती आणि सुट्टीत बुऱ्हाणपूरला आली होती. तिकडे वॉर्डात पेशंटशी चिनी बोलावं लागतं. त्या बोलण्याची परीक्षा असते, तिच्यात नापास झाली तर वर्ष वाया.

तिनं माझ्यावर छातीच्या दुखण्याचे शब्द उतरवले. खोकला म्हणजे ‘खसोउ’, कफ म्हणजे ‘थान’. अक्षर इतकं सुबक की मी फुशारून गेले, खोटं कशाला सांगू?

सरावाला पेशंट हवा, म्हणून तिचे वडील शालिग्राम पलंगावर बसायचे. तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाल्लेला माणूस. त्यांना खोकला उसना आणावा लागत नव्हता. भूमिका आधी चिनीत विचारायची, मग मराठीत सांगायची, “खोकला कधीपासून आहे?”

“तीन महिने झाले, बेटा. जिना चढलो का दम भरते.”

“गलत, पप्पा. पुस्तकात तीन दिन आहे. ‘सान थ्येन’ म्हणा.”

“म्हणा ना तसंच,” तिच्या आई मालूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “पोरीचे मार्क जातील.”

शालिग्राम हसले. “बरं. सान थ्येन.”

दुसऱ्या दिवशी ते हळूच म्हणाले, “सकाळी थोडं रगत पडलं.”

“वा पप्पा, ॲक्टिंग मस्त करता. पण ते पुढच्या धड्यात आहे.”

तिची मान माझ्यावरून वर झालीच नाही. मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते.

भूमिका चीनला परतली आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. पाच महिन्यांनी शालिग्राम अंगणात कोसळले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. ती चीनहून पोचली तेव्हा त्यांचा दहावा होऊन गेला होता. तिनं मला एकदा उघडलं, खोकल्याचं ते पान वाचलं आणि मिटलं. तेव्हापासून मी ट्रंकेत आहे.

वह्या जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगणार नाही. मला खुशाल रद्दीत घाला. पण घरातलं माणूस दुखणं सांगू लागलं, तर आधी वहीतून मान वर करा. भूमिका आता तिकडच्या म्हाताऱ्यांना तीन तीनदा विचारते म्हणे, खरं सांगा, कधीपासून? चांगली डॉक्टर होईल ती. शालिग्रामांना त्याचा काही उपयोग नाही.