पॅनल लाइनवर नवसाबाई

अंबडच्या टीव्ही कारखान्यात नवसाबाईचं काम होतं रंग जुळवायचं. पिक्चर ट्यूबच्या मानेवर चुंबकाच्या कड्या असत. तांबडी, हिरवी आणि निळी रेघ एकमेकींवर बसून पांढरी दिसेपर्यंत त्या केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायच्या. सुरगाण्याकडून द्राक्षमळ्यात मजुरीला आलेली ही बाई चौऱ्याण्णव साली कारखान्यात लागली, ती त्याच टेबलावर रुजली.

मग २०११ची दिवाळी आली आणि ट्यूबच्या टीव्हीचा माल गोदामातच पडून राहिला. गिऱ्हाइकांना आता भिंतीवर टांगायचा पातळ टीव्ही हवा होता. कंपनीने शेजारच्या शेडला काचेची दारं लावली, एसी बसवले, कोरियाहून त्या टीव्हीचे पातळ काचेचे पडदे, म्हणजे पॅनल, मागवले आणि आयटीआय झालेली नवी पोरं भरती केली. त्यानंतर एका दुपारी ट्यूब लाइनवरच्या सगळ्या बायकांना कॅन्टीनमध्ये बोलावणं आलं.

"ही लाइन महिनाअखेर बंद होतेय," प्लांट मॅनेजर देवरे साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, बोलताना त्यांची मान खाली होती. "स्वखुशीने राजीनामा देईल तिला कंपनी चांगली रक्कम देणार आहे. घरी विचार करा."

"आन् पॅनल लाइनवर कोण बसणार?" नवसाबाईने विचारलं.

"ते नाजूक काम आहे, नवसाबाई. अंगठा जरा जोरात टेकला की पॅनल गेला. शिवाय तिथे हातात बांगड्या चालत नाहीत, ओरखडे उठतात. लग्न झालेल्या बायकांना मी कोणत्या तोंडाने सांगू, बांगड्या काढा म्हणून?"

"म्हंजी आमाला न इचारताच आमचं 'नाय' तुमी ठरवलं?"

शेजारी बसलेल्या फुलाबाईने तिचा पदर ओढला. दोघी पहिल्यापासून एका लाइनवरच्या. पण नवसाबाई उठली होती. तिने एकेक करत दोन्ही हातांतल्या बांगड्या उतरवल्या आणि साहेबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवल्या.

"ह्या काढल्या. आता पॅनल दाखवा."

दुसऱ्या दिवशी तिला काचेच्या दारातून आत घेतलं. तृप्ती नावाची तरुण इंजिनिअर तिथे नव्या लोकांना शिकवायची. तिने पॅनल कसा उचलायचा, कडेच्या कागदासारख्या पातळ पट्ट्यांना हात कसा लागू द्यायचा नाही, ते दाखवलं. नवसाबाईने पॅनल उचलला, चौकटीत बसवायला गेली, आणि कोपऱ्यातून 'टक्' असा आवाज आला. काचेवर तिरकी रेघ धावली.

सगळी पोरं बघत राहिली. नवसाबाईचे कान तापले. पण ती टेबलापासून हलली नाही.

"फुटला, मावशी," तृप्ती हळूच म्हणाली.

"दिसलं मला. ह्या पोरांनी किती फोडले?"

तृप्तीने सरळ भिंतीकडे बोट केलं. तिथे तडकलेल्या पॅनलची कंबरेइतकी थप्पी होती. "सुरुवातीला सगळ्यांचेच फुटतात."

"मंग माझा एकटीचाच का मोजायचा?"

त्या थप्पीतले चार पॅनल तिने मागून घेतले. कामाच्या वेळेत सराव चालणार नाही, असा देवरे साहेबांचा निरोप आला, तेव्हा ती जेवणाच्या सुट्टीत बसायला लागली. आधी फुलाबाई आली, मग बाकीच्या. भाकरी उभ्याउभ्या खाऊन बायका मेलेल्या पॅनलवर हात बसवत. तृप्तीला कोणी बोलावलं नव्हतं, तरी तीही आपला डबा घेऊन यायची आणि चुकलेला हात धरून सरळ करायची.

महिना संपत आला तसे देवरे साहेब स्वतः बघायला आले. नवसाबाईने त्यांच्यासमोर पॅनल बसवला. वीज जोडली. पडदा उजळला.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही या एक तारखेपासून."

"एकटी नाय येणार."

"अहो, तुमचं काम झालंय ना?"

"राजीनाम्याला सगळ्यांना बोलावलंत ना साहेब? मंग परीक्षेला बी सगळ्यांना बोलवा. नायतर मलाबी नको."

घरी नवरा आजारी, पोरगी बारावीला. साहेब 'नका येऊ' म्हणाले असते तर तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. पण तिने शब्द परत घेतला नाही. साहेबांनी तृप्तीकडे पाहिलं. "घ्या परीक्षा," तृप्ती म्हणाली, "मी शिकवलंय त्यांना."

बहुतेक जणी पास झाल्या. फुलाबाईला जमलं नाही. जवळचं दिसत नव्हतं तिला. "माझं 'नाय' मीच सांगते," म्हणत तिने पॅकिंगचं काम मागून घेतलं, पण राजीनामा दिला नाही. बाकीच्यांतल्या दोघींनी मात्र रक्कम घेऊन गाव गाठलं. त्यांना नवसाबाईने एका शब्दाने बोल लावला नाही.

एक तारखेला काचेचं दार सरकलं आणि बायका आत शिरल्या. स्टोअरवाल्याने पांढरे हातमोजे वाटले. ते पुरुषांच्या मापाचे होते; बोटांची टोकं रिकामी लोंबत होती.

"आज एवढ्यावर भागवा," तो म्हणाला.

नवसाबाईने मोजे काढून त्याच्या हातात परत दिले.

"ह्यानं पॅनल निसटल, आन् मंग बायकांनी फोडला म्हनशील. आमच्या मापाचे आन. तवर आमी बसलोय इथंच."

आणि ती आपल्या टेबलाशी जाऊन बसली. तिच्यामागोमाग बाकीच्याही बसल्या.