पोटरीतून मनगटात

लेकीच्या, तेजलच्या हातातून आपलं बोट सुटलं, तर आपल्याला कळेल का?

या एका प्रश्नाने मंजुषाची झोप उडाली होती. उत्तर द्यायचं काम माझं, आणि मलाच ते येत नव्हतं. मी तिच्या उजव्या मनगटातली नस बोलतेय. मूळची मात्र मी पायातली.

तिच्या पोटरीत माझा जन्म झाला. काम अगदी हलकं. पावलाच्या बाहेरच्या कडेला जे लागेल त्याची खबर वर पोचवायची: खडा, मळ्यातला ओला चिखल, चपलेचा पट्टा. इतक्या वर्षांत कुणी माझं नावही काढलं नाही. खबर बरोबर पोचते तोवर कोण विचारतं?

नाशिकच्या दोन हजार तीनच्या सिंहस्थाआधी दोन वर्षांची गोष्ट. मखमलाबादच्या मळ्यात मेथी काढताना मंजुषाचा पाय घसरला आणि ती विळ्यावर पडली. जवळच्या दवाखान्यात मनगटाची कातडी शिवली. आतली नस तुटलीय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. एकदा तव्याला चिकटलेलं बोट तिला वासावरून कळलं.

मोठ्या हॉस्पिटलात नेलं तोवर तुटलेली टोकं आखडून लांब गेली होती. मग सर्जननी मला पोटरीतून काढून मधल्या फटीत पुलासारखं बसवलं. "पावलाची कड बधिर राहील, पण तिथे फारसं काही अडत नाही," ते म्हणाले. माझ्या आयुष्यभराच्या नोकरीबद्दल एवढंच! तेव्हापासून मंजुषाची चप्पल निसटते आणि तिला पत्ता लागत नाही.

हातात आल्यावर माझे स्वतःचे धागे विरून गेले. उरली नुसती नळी. हाताचे नवे धागे माझ्यातून पुढे सरकू लागले, दिवसाला भाताच्या शिताच्या जाडीइतकेही नाही. मग आता बोलतेय ती मी कोण, अशी शंका मलाही येते. शंका घेण्यात मी आणि मंजुषा सारख्याच.

धागे बोटांपर्यंत पोचले आणि खरा घोळ झाला. पदर घासला तरी मी वर कळवायची: आग! तेजलने सवयीने हात धरला तेव्हा मंजुषा किंचाळली. पोर पांढरीफटक पडली. त्यानंतर ती त्या हाताजवळ येईना. डाव्या हातात पिशव्या असायच्या, म्हणून मग पदराचं टोक धरून चालायची.

"जखम तर कवाच भरली," सासूबाई सगुणाबाई म्हणायच्या. "दिसत तर काय नाय. मग दुखतंय तरी काय तुला?"

मंजुषा बी.कॉम. झालेली. ज्याचा पुरावा नाही त्या गोष्टीची तिला स्वतःलाच लाज वाटायची. आपण ढोंग तर करत नाही ना? मला ओरडून सांगावंसं वाटायचं, ढोंग नाही गं, घोळ माझा आहे. पण मी ओरडले की तिला तेवढी आगच कळायची.

हॉस्पिटलात चांदवडकर मॅडम अशा जुनाट दुखण्यावर संशोधन करत होत्या. मंजुषाला डोळे मिटायला लावून त्या नायलॉनचा बारीक दोरा बोटाला टेकवायच्या. "कुठलं बोट?" दोरा लागायचा अंगठ्याजवळच्या बोटाला आणि मंजुषा सांगायची, मधलं.

"चुकले ना मी परत?"

"तुम्ही नाही चुकलात. धागे चुकीच्या घरात शिरलेत. मेंदूला आता नवे पत्ते शिकवायचे. तुमचं दुखणं खरंच आहे."

"मग थांबेल ना?"

"कमी होईल असं वाटतं. थांबेलच, असं नाही सांगत. तेच तर शोधतोय आम्ही."

मग घरी अभ्यास सुरू झाला. आधी बोटांवर कापूस फिरवायचा, मग टॉवेल, मग मोहरीच्या डब्यात हात. तेजल मास्तरीण होऊन समोर बसायची. "मम्मी, डोळे मिट. चीटिंग नाय हां!" सगुणाबाई सांडलेल्या मोहरीवरून कुरकुरायच्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच डबा पुढे सरकवायच्या.

आग गेली नाही. आजही गेलेली नाही. हातावर काही दिसत नाही म्हणून तिला कुणी खोटं म्हणू नये, एवढंच माझं मागणं.

सिंहस्थाच्या श्रावणात पंचवटीच्या भाजीबाजारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. एवढ्या गर्दीत पदराचा काय भरवसा? मंजुषाने उजवा हात पुढे केला.

"धर."

"दुखेल ना तुला?"

"दुखेल. तू धर."

तेजलने एक बोट हळूच धरलं. मी कळवलं: आग, आग. दुसरं काही मला येतच नव्हतं. ओठ दाबून मंजुषा चालत राहिली. रिक्षा, हातगाड्या, भाविकांचे लोंढे.

आणि एकदम आग ओसरली.

याहून सुखाचं मला काय हवं होतं? पण मी घाबरले. हाती लागेल त्या धाग्याने वर निरोप धाडला: सुटलं! सुटलं! पोचेल की नाही, ही शंका होतीच.

मंजुषा जागच्या जागी गर्रकन वळली.

"बोट का सोडलंस गं?"

तेजल दोन पावलं मागे, खाली वाकली होती. ती म्हणाली, "तुझी चप्पल राहिली ना मागं."